सुमीचं म्हणणं तोंडपाठ आहे!

मुदत चुकवण्याचा प्रकार आयुष्यात माझ्या हातून एकाच कामात घडला. एकदा चुकली, दुसऱ्यांदा थोडक्यात वाचली.

काम होतं माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तिच्या नवऱ्याने मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला आणि पाच वर्षांची पिंकीही मागितली. सुमी पिंकीला घेऊन भिवंडीला, कामतघरच्या आमच्या चाळीत आली. "पिंकी कुठेही जाणार नाही," असं जाहीर करून मी यादी करायला बसले. (मी यादीशिवाय डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही.)

पहिल्या तारखेला कोर्टातल्या कारकुनाने सांगितलं, "पुढच्या तारखेला म्हणणं द्या." या कोर्टात आपलं आपण बोलायचं असतं, वकील लागत नाही, असं आम्ही ऐकून होतोच. मी यादीत लिहिलं : म्हणणं – सुमी – तोंडपाठ!

पुढच्या तारखेला सुमी "बाईसाहेब..." एवढंच म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. न्यायाधीशबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "बरं, पुढच्या तारखेला द्या. पण ती शेवटची. नाहीतर तुमच्या म्हणण्याशिवाय निकाल होईल."

म्हणजे तयारी कमी पडली! मी रोज संध्याकाळी तालीम लावली. अडचण एवढीच, की आमच्या भिंतीला लागून शकीलाभाभींचे लूम, म्हणजे यंत्रमाग होते. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाकडे मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. भाभी स्वतः परीक्षक म्हणून आमच्या दारात बसत.

"सुमन, काय आयकू न्हाय येत! जोर से बोल!"

"माझी मुलगी माझ्याकडेच राहील!"

"अगं, अंगाई गातेस का? भांडायला चाललीस ना?" मी ओरडायचे.

पंधरा दिवसांत सुमीने लूमला मागे टाकलं. पिंकीलाही सगळं पाठ झालं.

शेवटच्या तारखेला दुपारी पुकारा झाला. कोर्टात इतकी शांतता, की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. सुमीने छातीभर श्वास घेतला.

"बाईसाहेब!! माझं म्हणणं असं, की..."

पट्टेवाला दचकून उभा राहिला. सुमीच्या नवऱ्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अहो बाई, मला ऐकू येतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण तुमचं म्हणणं कुठाय?"

"हे काय, म्हणतेय ना!"

"लेखी म्हणणं! कागद!"

सुमीने माझ्याकडे बघितलं. मी यादीकडे बघितलं. 'म्हणणं' म्हणजे समोरच्याच्या अर्जाला द्यायचं लेखी उत्तर, हे त्या इमारतीत आम्ही दोघी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं!

"पाचच्या आत दाखल करा," बाई म्हणाल्या. साडेतीन वाजले होते.

मी फुलस्केप आणि कार्बन आणून बाहेरच्या बाकावर मांडी ठोकली. "सुमी, बोल!" ती बोलली, लूमच्या पट्टीत, आणि मी लिहीत सुटले. आवारात गर्दी जमली. एक अनोळखी म्हातारी "शाब्बास गं पोरी!" म्हणाली. दुसऱ्याच कुठल्या तरी केसमधल्या गृहस्थांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना मी पानापानावर सही ठोकली, धावत खिडकी गाठली आणि कागद आत सरकवले.

कागद दाखल झाले आणि पिंकी सुमीकडेच राहिली, हे आधीच सांगून टाकते. (म्हणजे तुम्हाला निवांत हसता येईल.) कारण शिक्का मारण्याआधी कारकून थांबला.

"बायको कोण? या केसमधली?"

"ही. सुमन."

"मग ही सही कुणाची?"

मी वाकून बघितलं. सगळ्या पानांवर माझीच सही होती!

"बाई, तुमचाही घटस्फोट चाललाय का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सकाळपासून थर्मास धरून मागे उभे असलेले आमचे हे पुढे सरकले.

"अजून नाही हो," ते अतिशय नम्रपणे म्हणाले. "पण तो अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो?"

कारकुनाने मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांच्याकडे वळून सहानुभूतीने सांगितलं, "तीन नंबर. धावा, पाचला बंद होते."