कागदावरचा दुसरा खलाशी

एकटीने समुद्र ओलांडायला मला सव्वीस दिवस लागले. त्याची परवानगी मिळवायला दोन वर्षं गेली, आणि मिळाली तीही चुकीची.

बंदराच्या कचेरीत अर्जावर निदान दोन खलाशांची नावं लागत. "मी एकटीच जाणार आहे," मी प्रत्येक खेपेला सांगायचे. "मग मॅडम, तुम्ही झोपल्यावर बोट कोण चालवणार?" साहेब विचारायचे. वाऱ्याच्या जोरावर आपोआप वळणारं सुकाणू मी त्यांना चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र फाइलला लावलं आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

दुसऱ्या वर्षीचाही मोसम हातचा जायला लागला, तेव्हा देवबागला घरी येऊन मी रडले. बाबांचा जन्म मासेमारीत गेलेला. म्हणाले, "माझा नाव घाल गो. मी पण खलाशीच आसंय."

मी घातलं. आठवड्यात शिक्का बसला. मालवणहून बाबा माझ्याबरोबर निघाले आणि किनारा दिसत होता तोवरच शेजाऱ्यांच्या ट्रॉलरवर चढून परत गेले.

सेशेल्सला पोचले तर तिथल्या अधिकाऱ्याचा पहिलाच प्रश्न, "दुसरा माणूस कुठे?" मी खरं ते सांगितलं. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जणू मीच कुणाला तरी पाण्यात ढकललंय. दोन दिवस मला बोटीवरून उतरू दिलं नाही. शेवटी व्हिडिओ कॉलवर बाबा आले, आधार कार्ड छातीशी धरून. "मी हंय आसंय! बुडाक नाय!" ते ओरडत होते आणि मी संतापाने त्याचं इंग्रजी करत होते.

परतल्यावर सागरी विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं: कागदोपत्री दोन खलाशी, त्यामुळे सफर एकटीची धरता येत नाही.

"माझ्यामुळा झाला," बाबा म्हणाले. मी नाही म्हटलं. पण राग त्यांच्यावरही होता, आणि त्या रागाची मला लाज वाटत होती.

पुन्हा अर्ज केला. नवे साहेब म्हणाले, "याआधी एकट्याने गेल्याचा काही पुरावा?" मी फाइल उचलली आणि बाहेर पडले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या बंदरातून निघाले. तिथे अर्जावर एकच नाव चाललं. वारा पडला, शीड फाटलं, एक्केचाळीस दिवस लागले. नोंद झाली ती त्या रडतखडत केलेल्या सफरीची. सत्काराला बोलावतात तेव्हा तिच्याबद्दलच विचारतात, आणि मी दात-ओठ खात उत्तरं देते.