मुऱ्हाळ्याविना

धुळ्याच्या शाळेत लागल्यापासून एक प्रश्न मी मुलांना दरवर्षी घालतो. माणूस आणि जनावर यांत फरक काय? मुलं ठरलेलं लिहितात. माणसाला बुद्धी असते, माणूस बोलतो, माणसाला नाती कळतात. मी लाल पेनाने बरोबरच्या खुणा करत जातो. नात्यांच्या वाक्यापाशी मात्र हात अडतो आणि त्या पोरावर उगाच चिडायला होतं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? मला आमचा तांबडा बैल आठवतो आणि त्याच्या मागोमाग माझी धाकटी बहीण.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. सावद्याजवळच्या खेड्यात आमची केळी होती, थोडा कापूस होता. मी जळगावला कॉलेजात होतो आणि परीक्षा आटोपून सुट्टीला घरी आलो होतो. तांबड्याचं वय झालं म्हणून वडिलांनी तो सावद्याच्या बाजारात विकला. गिऱ्हाईक तापीपलीकडचं होतं. आठव्या दिवशी सकाळी आई शेण काढायला गोठ्यात गेली, तर तांबडा आपल्या खुंट्यापाशी उभा. गळ्यात तुटलेलं दावं, पुढचा खूर फुटलेला, पोटापर्यंत वाळलेला चिखल. उन्हाळ्याचं कमी पाणी बघून नदी उतरला असणार.

वडिलांनी स्वतः त्याचे पाय धुतले. खुराला हळद लावली. आईने कपाळाला कुंकू लावून गूळ चारला. दुपारी ते गिऱ्हाईक धापा टाकत आलं, तर वडिलांनी त्याला आधी जेवायला बसवलं आणि मग पैसे त्याच्यापुढे ठेवले.

“आपल्या पायानं घरी आला तो, भाऊ. आता त्याले नही काढत मी.”

गावात आठ दिवस हाच विषय होता. मला वडिलांचा फार अभिमान वाटला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बहीण आली. दोंडाईच्याहून पॅसेंजरने भुसावळपर्यंत, तिथून एसटीने, एकटी. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सासरी मिरचीचा व्यापार. अंगणभर मिरची वाळत असायची आणि तिची देठं खुडायचं काम सुनांकडे. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. एका हाताची बांगडी फुटून मनगटात रुतल्याची खूण होती, ती मिरचीची नव्हती. अंगणात मीच होतो. तिने गोठ्याकडे बघितलं.

“हा तं इकला व्हता ना?”

मी तिला सगळी हकिकत रंगवून सांगितली. दावं, नदी, गूळ, वडिलांचं बोलणं, काही सोडलं नाही. ती ऐकत गोठ्यात गेली आणि तांबड्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. आज वाटतं, ती गोष्ट मी तिला सांगायला नको होती.

वडील मळ्यातून आले. तिला बघून त्यांचा पहिला प्रश्न होता, “सांगून आली का?”

तिने मान हलवून नाही म्हटलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. भाऊ घ्यायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळ्याविना आलेली लेक म्हणजे पळून आलेली लेक, असा सरळ हिशोब. आखाजी वीस दिवसांवर होती. वडिलांचं मन दगडाचं नव्हतं. रात्री ते जेवले नाहीत. पण त्यांना भीती अशी बसली होती की ही अशीच राहिली तर सासरचे कायमचं दार लावतील. म्हणून त्यांनी तोड काढली. हिने आता परत जावं, गाजावाजा होऊ देऊ नये. आखाजीला भाऊ रीतसर घ्यायला येईल, मग महिना-दोन महिने हवं तेवढं राहावं. मग बोलता येईल जावयाशी.

आईने मनगटाकडे बोट दाखवलं. वडील म्हणाले, “वीस दिवसांचा तं प्रश्न हाये.”

मलाही ते पटलं. हे मी लपवत नाही. मी शिकलेला होतो, घरात माझा शब्द ऐकला जायचा, आणि मी एक अक्षर बोललो नाही. उलट तिची पिशवी मीच उचलली.

दुसऱ्या दिवशी मी तिला सासरी पोचवायला निघालो. दोंडाईच्याच्या अलीकडे नरडाण्याला गाडी थांबली तेव्हा तिने एवढंच विचारलं, “त्या बैलाले परत नही ना नेलं कोणी?”

“नाही,” मी म्हणालो.

तिने तोंड खिडकीकडे केलं. दोंडाईच्याला तिच्या घरात चहा घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने परत निघालो, आणि परतताना मला चक्क हलकं वाटत होतं.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी नवे कपडे घालून मुऱ्हाळी म्हणून गेलो. इकडे वडिलांनी निंबाला तिच्यासाठी झोका बांधला होता, नवीन दोर आणून. तिची सासू यावेळी गोड बोलली, स्वतःच म्हणाली, घेऊन जा. बहिणीने मला पाणी दिलं, पुरणपोळीचं जेवण वाढलं. पिशवी भर म्हटल्यावर ती समोर बसली.

“भाऊ, तू आला, बरं झालं. पण मी येत नही.”

मी विनवण्या केल्या. आई वाट बघते म्हणालो, झोका बांधलाय म्हणालो. ती रागावली असती, रडली असती तरी मला चाललं असतं. ती शांतपणे देठं खुडत राहिली. तांबड्याला आम्ही दहा वेळा हाकललं असतं तरी तो अकराव्यांदा आला असता. त्याला हाकलणं कळलंच नसतं. तिला एकदाच सांगितलेलं पुरेपूर कळलं होतं. जनावराला नसलेलं ते शहाणपण आमच्या लेकीला होतं, आणि ते आम्हीच तिला शिकवलं.

तो झोका पावसाळ्यापर्यंत तसाच लोंबत होता. तांबडा पुढे दोन वर्षांनी आमच्याच दावणीला मेला. वडिलांनी त्याला मळ्याच्या बांधावर पुरलं.

बहीण नंतर लग्नकार्याला यायची, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परत. तिचं पुढे कसं चाललं, ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी ती भेटायला आली. दुपारभर त्यांचे पाय दाबत बसली. ऊन उतरल्यावर ती उठली, तसा वडिलांनी तिचा पदर धरला.

“आजच्या दिवस राहाय ना, माय.”

तिने पदर हळूच सोडवून घेतला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर ते ऐकवेना.

“नही, आबा. सांगून नही आली.”

वडिलांनी डोळे मिटून घेतले. मी तिला स्टँडवर सोडायला निघालो. तिची पिशवी मी उचलायला गेलो, पण ती तिने आधीच काखेत घेतली होती.