फुटाला तीन मिलिमीटर

आमच्या चिखलीच्या घरी जो येतो त्याला मी आधी माझं रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल दाखवतो, चहा नंतर. जपानी आहे, माझ्याहून वयाने मोठं, डायरेक्ट ड्राइव्ह — म्हणजे मध्ये पट्टा-बिट्टा काही नाही, मोटरच्या दांड्यावरच थाळी बसते आणि फिरते. ते ज्या लाकडी बैठकीत बसवलंय ती मी स्वतः केली. लोक तिच्यावर हात फिरवतात आणि लाकूड कुठून आणलं ते विचारतात. मी सांगतो, गावाकडच्या जुन्या दाराचं. सात वर्षं हेच सांगतोय. बायकोलाही हेच सांगितलंय. खरं काय ते आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतो, कारण — कारण काही नाही. सांगतो, बस.

आधी बैठकीचं सांगू द्या, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. ही जुनी यंत्रं कधी कधी नुसती मोटर आणि थाळी अशीच मिळतात. बैठक ज्याची त्याने करायची. हलकी केली तर सगळी थरथर सुईत जाते, आणि सुईतून कानात. प्लायचे थर चिकटवून करतात, दगडाचीही करतात. मी ग्रॅनाइटच्या दुकानात जाऊन टकटक करून पाहिलं — वाजतं ते. मला हवं होतं जुनं, पूर्ण वाळलेलं, जड सागवान. आणि ते कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. रोज त्याच्याच शेजारी बसून मी डबा खात होतो.

चाकणच्या वाटेवर, कुरुळीजवळच्या एका फाउंड्रीत मी पॅटर्न स्टोअर सांभाळतो. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबतात आणि पडलेल्या खळग्यात लोखंड ओततात. तो नमुना म्हणजे पॅटर्न. आमचे सगळे पॅटर्न दळवी काकांच्या हातचे. काका कुरुळीचेच, जुन्या घरातले. रिटायर झाल्यावरही कंपनीने त्यांना ठेवून घेतलं होतं, कारण तसं काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मी स्टोअरचा माणूस, माझा रंध्याशी काय संबंध? पण जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या हातात रंधा द्यायचे आणि हात बसेपर्यंत शेजारी उभे राहायचे. म्हणजे बैठक मी केली हे खरं. शिकवलं कोणी, ते तुम्हाला कळलंच.

एका पंपाच्या बेडप्लेटचा, म्हणजे पंप ज्यावर बसवतात त्या पाटाचा, पॅटर्न होता. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, तीन इंच जाड, लाल रंगाखाली अस्सल सागवान. त्या पंपाची ऑर्डर कित्येक वर्षांत आली नव्हती. त्याचा एक कोपरा उडाला होता, तो दुरुस्त करायला काकांनी नेला — मागणी नसलेल्या पॅटर्नलाही ते असे जपायचे — आणि चार दिवसांनी माझ्या टेबलावर परत आणून ठेवला. तेव्हा स्टोअरमध्ये आम्ही दोघेच. पॅटर्न मोडीत काढायचा तर काकांची सही लागते. मी मागितली असती तर? दिली नसती. म्हणून मागितलीच नाही. पॅकिंगच्या फळ्या घरी न्यायला गेटपास मिळतो, त्या फळ्यांखाली घालून पॅटर्न घरी आणला.

पॅटर्नच्या खालच्या खोबणीत काकांची मापाची स्टीलची पट्टी राहून गेली होती, टोकाला ‘द’ कोरलेली. मी तीच उचलली, मोटरच्या चौकोनी पेटीसाठी भोक आखलं, कापलं. मोटर ठेवली, तर सगळीकडून सैल. दोनदा मोजलं होतं, राव. मग पट्टी नीट पाहिली आणि कपाळाला हात लावला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्यांची पट्टी मुळातच लांब आखलेली असते — फुटाला तीन मिलिमीटर. आणि स्टोअरमध्ये सोळा वर्षं काढलेला मी, घरच्या लाकडाला ती लावून बसलो. फटीत काळं फेल्ट, जाड लोकरी कापड, भरलं. दिसायला उलट शोभून दिसलं.

इथपर्यंत चोरी झाली. चोरीचं मला फार वाटत नाही, खोटं कशाला बोलू? जड जातंय ते पुढचं.

तीन महिन्यांनी नेमकी त्या पंपाची ऑर्डर आली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, पॅटर्न कुठे आहे. मी म्हणालो, “काकांनी दुरुस्तीला नेला होता, साहेब.” यात एक शब्द तरी खोटा होता का? नेलाच होता. परत आणला होता, एवढंच मी बोललो नाही — एवढंच. काका माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. ते आठवत होते. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून आठवत होते. मग म्हणाले, “मला तर वाटतंय, ठिवला व्हता म्या परत. पर मिलिंद म्हनतोय तर आसंल.”

त्यांनी नवा पॅटर्न करून दिला. पण तेव्हापासून एकच माप चारचारदा घ्यायला लागले. कपाटाला कुलूप लावून पुन्हा येऊन ओढून पाहायचे. खिशात चिठ्ठ्या ठेवायचे — पटाशी कुठे, गोंद कुठे. हरवलेल्या पट्टीसाठी त्यांनी सगळं शॉप पालथं घातलं. मीही त्यांच्याबरोबर शोधली. हो, शोधली, रॅकखाली बॅटरी मारून. दिवाळीच्या आधी ते साहेबांना म्हणाले, आता डोकं साथ देत नाही, माझ्यापायी कुणाचं नुकसान नको. त्यांना कोणी काढलं नाही, ते आपणहून गेले. सगळ्यांना हेच माहीत आहे.

आता ते सांगवीला मुलीकडे असतात. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना घरी बोलावलं. का? शाबासकी हवी होती, दुसरं काय. ज्यांनी शिकवलं त्यांनी पाहिल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नव्हतं — इतका मी निगरगट्ट. वडिलांच्या भीमगीतांची रेकॉर्ड लावली. काकांचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी नखाने फेल्ट बाजूला सारलं, फट चारी बाजूंनी सावकाश पाहिली आणि हसले. “फुटाला तीन. ओतकामाची पट्टी लावलीस व्हय रं?”

मी मान हलवली. पट्टी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, खालच्या खणात होती. ते म्हणाले, “माजीबी व्हती तसली येक. कुटं ठिवली, काय ध्यानात ऱ्हात न्हाई.” मग त्यांचा हात फिरत फिरत कोपऱ्यावर आला. तिथे त्यांनीच बसवलेला तुकडा होता. बोट थांबलं. बराच वेळ ते तिथे बोट घासत राहिले आणि हळूच म्हणाले, “ह्यो सांधा म्या केल्यावानी वाटतोय.”

सगळं त्यांच्या हातात होतं. फक्त मी हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “जुन्या दाराचं लाकूड आहे, काका.”

त्यांनी बोट उचललं. “तू म्हनतोस तर आसंल,” म्हणाले, आणि चहा घेतला.

त्यांचं डोकं तेव्हाही शाबूत होतं, आजही आहे. ते काहीच विसरले नव्हते. हे मला माहीत आहे, आता तुम्हालाही. काकांना माहीत नाही.