नानांच्या टाकीवरचे डोळे

तिसऱ्यांदा टाकीवर डोळे आले तेव्हा मी स्प्रे गन खुंटीला अडकवली, मास्क काढला आणि शेडच्या दारात येऊन एक सणसणीत शिवी हासडली. दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत गोविंदनाना बसले होते. ते दचकले.

"काय झालं रं जयवंता?"

"आले परत."

"कोन आलं?"

"डोळे आले! अजून कोण येणार!"

डोळे म्हणजे काय ते सांगतो. रंगकामात त्याला फिश आय म्हणतात. रंग पत्र्यावर सपाट बसायला हवा. खाली तेलाचा नुसता अंश जरी असला, तरी रंग तिथून बाजूला सरतो. तेलकट तव्यावर पाणी शिंपडलं की कसं पळतं, तसं. मग तिथे टाचणीच्या डोक्याएवढा गोल खड्डा राहतो आणि त्यातून खालचा थर आपल्याकडे बघत बसतो. एखादा असला तर समजू शकतो. नानांच्या टाकीवर शे-सव्वाशे होते.

आणि हे माझ्या हातून! मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत एकतीस वर्षं मी पेंट शॉपमध्ये काढली. शेवटची अकरा वर्षं सुपरवायझर होतो. माझ्या लाइनवर डोळा दिसला की सगळ्यांची फे फे उडायची. रिटायर झाल्यावर घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि जुन्या मोटारसायकलींच्या टाक्या, मडगार्ड, साइड पॅनल रंगवायला लागलो. हौस म्हणून. माझी बायको सुनंदा याला हौस म्हणत नाही, खाज म्हणते.

नाना टोकावड्याचे. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे जुनी साडेतीनशे सीसीची गाडी आहे. तीस वर्षं त्यांनी तिच्यावर दुधाचे कॅन बांधून पाड्यापाड्यांवरून मुरबाडला दूध आणलं. गाडीचं रजिस्ट्रेशन दोन वर्षांपूर्वी संपलं. रिन्यू करायला नेली तर इन्स्पेक्टरने परत पाठवली. आरसी बुकात रंग मरून, म्हणजे गडद तांबडा, आणि गाडी काळी. मध्ये कधीतरी कुणा गॅरेजवाल्याने काळा फासला होता. वर टाकी गंजलेली, मडगार्डला भोक.

तेव्हापासून नाना घरी. लायसन मात्र त्यांनी न चुकता रिन्यू केलेलं. पण गाडीच बंद, मग लायसन काय चाटायचंय? कुठे जायचं तर एक यष्टी, नाहीतर मुलगा सुरेश. सुरेश कल्याणला कामाला जातो. तो म्हणतो, रविवारी नेतो. रविवारी तो झोपतो.

हाच सुरेश टेम्पोत गाडी घालून माझ्याकडे आला होता. गणपती नुकतेच उठले होते.

"काका, तीन आठवड्यांनी सोमवारी आरटीओची अपॉइंटमेंट हाय. ही शेवटची. पास झाली तर ठीक. नाय झाली तर टेम्पो तिथूनच भंगारवाल्याकडं. बाबांनी कबूल केलंय."

मी नानांकडे बघितलं. ते सीटवरची धूळ हाताने झाडत होते.

"व्हय," ते म्हणाले. "बोललोय मी तसं."

कामाला लागलो. मडगार्डचं भोक बुजवून ते आणि साइड पॅनल पहिल्या दोन दिवसांत रंगवून टाकले, राहिली टाकी. टाकीचा जुना रंग रिमूव्हर लावून पूर्ण काढला, खाली उघडा पत्रा आणला. त्या दिवशी नाना शेजारीच उभे होते. मी त्यांना बजावलं, "नाना, आता या टाकीला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या या दमट हवेत उघड्या पत्र्याला एका रात्रीत गंज चढतो." नानांनी मान डोलावली. गंज म्हटल्यावर त्यांचा चेहरा फार गंभीर झाला. मला बरं वाटलं. म्हटलं, गिऱ्हाईक असावं तर असं.

मग खड्डे बुजवायला लांबी भरली, घासली, प्रायमर मारला, वॉटर पेपरने पुन्हा घासला. वॉटर पेपर म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पेपर. शेवटी डीग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढायचं औषध. ते पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन टाकी पुसायची आणि मगच रंग. मी तस्संच केलं. पहिला कोट मारला आणि दोन मिनिटांत टाकी डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली.

पहिल्यांदा मी कॉम्प्रेसरवर घेतलं. जुना कॉम्प्रेसर हवेबरोबर तेल फेकतो, हे खरं आहे. नवा फिल्टर बसवला. टाकी घासून काढली, पुन्हा प्रायमर, पुन्हा फडक्याने पुसली, पुन्हा रंग. डोळे.

दुसऱ्यांदा थिनरवर घेतलं. शहापूरच्या दुकानदाराला फोन करून नाही नाही ते बोललो. तो बिचारा म्हणाला, "काका, याच डब्यातलं थिनर सगळे नेतात, तुमचीच तक्रार कशी?" मी फोन आपटला. मग मोर्चा घरात वळवला. शेडची खिडकी आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे. सुनंदाला सांगितलं, "टाकी होईपर्यंत बोंबील तळायचे नाहीत. तेलाचा धूर शेडमध्ये येतो."

"मग खायचं काय?"

"उकडून खा."

तिने कढई धुऊन फळीवर पालथी घातली. आमच्याकडे कढई पालथी पडली म्हणजे काय, ते मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळतं. आठवडाभर दुधी मिळाला.

तिसऱ्यांदा तर मी टाकी एकदा सोडून तीनदा पुसली. अगदी ओल्या बाळंतिणीच्या बाळाला पुसावं तशी. आणि डोळे आधीपेक्षा जास्त आले. जितकं पुसावं तितके जास्त! तिथे मी ती शिवी हासडली. अपॉइंटमेंटला आठ दिवस राहिले होते. मी पुन्हा रिमूव्हर ओतला आणि सगळं पत्र्यापर्यंत उतरवलं. हात सोलपटले होते, दुधी खाऊन डोकं फिरलं होतं आणि समोर नाना खुर्चीत बसून मला धीर देत होते.

"व्हईल रं. घाई नको करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे नऊला नाक्यावरच्या टपरीवर निघालो. चहा आणि पेपर हा माझा रोजचा तास. नाना साडेनऊच्या यष्टीने यायचे, सुनंदा त्यांना शेड उघडून द्यायची, चहा द्यायची. मी दहाला परतायचो तेव्हा ते खुर्चीत बसलेले असायचे. त्या दिवशी टपरी बंद निघाली, म्हणून मी उलट्या पावली आलो. चौकात जरा रेंगाळलो, गप्पा मारल्या, तरी पावणेदहालाच घरी.

शेडमध्ये नाना टाकीवर वाकले होते. हातात माझं पांढरं फडकं. बाजूला खोबरेलाची चपटी बाटली. फडक्यावर चार थेंब घ्यायचे आणि गोल गोल पुसायचे. इतकं हलक्या हाताने, की तेल आहे हे डोळ्याला दिसूच नये.

मी दारातच उभा राहिलो.

"आलास? आज लौकर?" नाना म्हणाले.

"नाना, हे काय करताय?"

"तेल लावतोय. रोज लावतो. गंज धरंल ना. आमी कोयते, इळे आसंच ठेवतो. भात कापून झाला का तेल लावून आढ्याला खोचायचे. दहा वर्सं ठिपका नाय पडत."

"मी हात लावू नका म्हटलं होतं!"

"हात कुठं लावला? फडक्यानं पुसतोय. काम झालं का फडकं जागच्या जागी ठेवतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते फडकं खिळ्याला टांगलेलं असायचं. त्याच फडक्याने मी डीग्रीजर मारायचो. म्हणजे नाना रोज फडक्यात तेल मुरवत होते आणि मी ते तेल काळजीपूर्वक सगळ्या टाकीला चोपडत होतो. प्रायमरवर लावलेलं तेल आत लांबीत जिरत होतं, ते वेगळंच.

मला हसू यायला हवं होतं. आली ती तिडीक. दोन आठवड्यांचा सगळा राग त्या म्हाताऱ्यावर निघाला. मी नको नको ते बोललो आणि शेवटी म्हणालो, "सुरेश म्हणतो तेच बरोबर आहे. द्या गाडी भंगारात. तुम्हाला आता गाडी-बिडी काही नको. घरी बसा."

नानांनी फडकं घडी करून खिळ्याला अडकवलं. बाटलीचं बूच लावलं, खिशात ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले आणि यष्टी स्टँडकडे चालायला लागले.

सुनंदा मागे येऊन उभी होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना त्यांना, एका रात्रीत गंज चढतो म्हणून? मी तिथंच होते चहाचा कप घेऊन. तेल लावलं तर रंग धरत नाही, हे सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं.

"आणि माझ्या बोंबलांना उगाच नावं ठेवलीत."



नवं फडकं काढलं. पत्रा थिनरने धुतला, घासला, पुन्हा धुतला. लांबी नवीन, प्रायमर नवीन. चौथ्यांदा मरून रंग मारला आणि दहा मिनिटं श्वास धरून बघत बसलो. एक डोळा नाही. वर क्लिअर कोट, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर चढवला. टाकीत माझं तोंड दिसायला लागलं. ते त्या दिवशी मला फारसं आवडलं नाही.

शुक्रवारी सुरेशचा फोन आला. "काका, बाबा नको म्हणतायत. आरटीओला येत नाय बोलले. भंगारवाल्याला बोलाव म्हणून मलाच मागं लागलेत."

"गाडी तयार आहे रे! फर्स्ट क्लास झालीये."

"मी पण तेच बोललो. ते बोलले, जयवंता शिकलेला मानूस हाय, तो बोलला ते खरं आसंल."

रात्री काही सुचेना. एकतीस वर्षांत मी पोरांना झाडलं, कॉन्ट्रॅक्टरना झाडलं, एकदा मॅनेजरलाही. कुणी ते एवढं मनावर घेतलं नव्हतं.

शनिवारी सकाळीच टोकावड्याला गेलो. पिशवीत पत्र्याचे दोन तुकडे आणि रंगाचा स्प्रे कॅन. नाना ओटीवर बसले होते. "ये," म्हणाले, पण हसले नाहीत. सूनबाईंनी पाणी आणून दिलं.

मी प्रस्तावना केली नाही. एका तुकड्यावर त्यांच्याच बाटलीतलं खोबरेल बोटाने लावून पुसून टाकलं. दुसरा कोरा ठेवला. दोन्ही अंगणात ठेवून रंग मारला. नाना ओटीवरून उतरले आणि उकिडवे बसून बघायला लागले. कोऱ्या तुकड्यावर रंग गुळगुळीत बसला. तेलाच्या तुकड्यावर एकेक डोळा उघडत गेला. नानांनी चष्मा वर करून पार नाक टेकेपर्यंत बघितलं.

"आसं व्हय," ते म्हणाले. तेलाचा तुकडा कोऱ्या तुकड्याशेजारी सरकवला. मग म्हणाले, "येवढंच व्हतं, तर पयल्याच दिवशी दाखवायचंस ना."

"चुकलं नाना."

"मी काय येडा हाय, मुद्दाम करीन?"

"नाही. आणि ते घरी बसा बोललो, तेही चुकलं."

"ते लई लागलं मला," नाना म्हणाले. सरळ, माझ्याकडे बघत. मग सुनेला हाक मारली, "गो, च्या टाक जयवंताला."

सोमवारी टेम्पोत घालून गाडी आरटीओत नेली. इन्स्पेक्टरने बुक बघितलं, चेसिस नंबर बघितला, ब्रेक, लाइट, हॉर्न बघितले. टाकीवरून हात फिरवला आणि विचारलं, "रंग कुणी केला?"

"यानं," नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "चार येळा. तीन येळा मी बिगाडला."

इन्स्पेक्टरला काही कळलं नाही. पण त्याने सही केली. पाच वर्षांसाठी.

आता माझ्याकडे गाडी आली की मी मालकाला आधी खुर्चीत बसवतो आणि पत्र्याच्या दोन तुकड्यांवर सगळं करून दाखवतो. अर्धा तास जातो. काही जण कंटाळतात, घड्याळ बघतात. कंटाळू देत. "हात लावू नका" एवढं सांगून जे काम होतं, ते फक्त कंपनीत, कारण तिथे कुणालाच त्या गाडीची काळजी नसते.

कागद हातात यायला काही दिवस लागले. तोवर गाडी माझ्याच शेडमध्ये होती. कागद आल्यावर बापलेक ती न्यायला आले, यष्टीने. मी चावी आणली. सुरेशने हात पुढे केला.

"द्या काका. बाबा, तुमी मागं बसा."

नानांनी मधल्यामध्ये चावी घेतली. किक मारली. पहिली फुकट गेली, दुसरी फुकट गेली, तिसऱ्या किकला गाडी धडधडली आणि सुनंदा स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली.

"तू यष्टीनं ये," नाना सुरेशला म्हणाले. "मला वाटंत थांबायचंय ठिकठिकाणी. तुज्यासंगं घाई व्हते."

आणि गेले. सुरेश फाटकात हेल्मेट घेऊन उभा.

"काका," तो जरा वेळाने म्हणाला, "टोकावड्याची पुढची यष्टी किती वाजता हाय?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "ते नानांना पाठ आहे."