खरवडलेलं नाव

भूतबित, शापबिप असले विषय निघाले की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. माझा विश्वास नव्हताच कधी. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय... भर सकाळी, मस्कतला अल् खुवैरमधल्या आमच्या ऑफिसात.

आम्ही जुन्या इमारतींची ड्रॉइंग्ज करतो. मागच्या वर्षी इटलीतल्या एका डोंगरी गावाच्या चर्चचं काम आलं. घंटेचा मनोरा फार जुना, साध्या दगडाचा. दर्शनी नक्षीदार भिंत नंतर कधीतरी एका जमीनदाराने बांधून दिलेली. बाजूच्या दारावरच्या दगडात मूळ गवंड्याने आपलं नाव कोरलं होतं. जमीनदाराने ते छिन्नीने काढून तिथे स्वतःचं कोरून घेतलं. गावात सांगतात, ते टिकलंच नाही. पुन्हा कोरलं – पुन्हा दगड गुळगुळीत. आजही तो कोराच आहे. कामाच्या कागदांत ही माहिती वाचून मी हसले होते.

तिथल्या पाद्रींना चर्चमध्ये लावायला हाताने काढलेलं ड्रॉइंग हवं होतं. ते आमच्या ऑफिसातल्या, रत्नागिरीच्या हुसेनभाईंनी काढलं, ट्रेसिंग फिल्मवर, शाईने, दगड न् दगड. कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं. ड्रॉइंगवर ज्याचं नाव, त्यालाच पुढच्या चर्चचं काम मिळणार होतं.

“वहिनी, तो काम भेटला तर बायको-पोरांना इकडे आणीन,” ते म्हणायचे.

आमच्या मॅनेजरने त्यांचा व्हिसा कॅन्सल करून त्यांना घरी पाठवलं. मग ब्लेडने त्यांचं नाव खरवडून तिथे स्वतःचं लिहिलं. मी विचारलं तर म्हणाला, “खलास झाला तो विषय. तुम्ही तुमचं बघा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हटलं, तुझंही पुसलं जावो.

दुसऱ्या दिवशी हे काम देणाऱ्या इटालियन आर्किटेक्ट बाई आल्या. मॅनेजरने ऐटीत ड्रॉइंग उलगडलं... कोपरा कोरा! ह्युमिडिटीबद्दल काहीतरी पुटपुटत त्याने आमच्यासमोर पुन्हा नाव लिहिलं. खरवडलेल्या फिल्मवर शाई पसरते, हे मला माहीत आहे. ती नाहीशी होत नाही. इथे सुकलेली अक्षरं शेवटापासून एकेक करून गेली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “हे कोणी काढलं?”

“हुसेनभाईंनी,” मी म्हणाले. मॅनेजरने डोळे वटारले. मी त्याच्याच हातातलं पेन घेऊन त्याच जागी हुसेनभाईंचं नाव लिहिलं. थोडं पसरलं, पण राहिलं. ते अजून आहे, आणि पुढचं कामही हुसेनभाईंनाच मिळालं, नव्या व्हिसासकट.

नवरा म्हणतो फिल्म खराब असेल. असेलही. मग एक नाव गेलं आणि दुसरं का राहिलं?

खरं सांगू? तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. पण मॅनेजर एसीत घामाघूम होऊन उभा होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी पेन त्याच्यापुढे धरलं.

“सर, अजून एकदा लिहून बघा ना.”

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.