आईचं वय दुप्पट कधी होईल?

बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं तेव्हा मला धाकधूक होती ती एका गणिताचीच. नववीत शाळा सुटली त्याला वीस वर्षं होत आली होती. दहिवलीच्या विहारात एक निवृत्त शिक्षिका दुपारी आम्हा बायकांना शिकवायच्या. बाई म्हणायच्या, "जे माहीत नाही त्याला क्ष म्हणा, आणि माहीत असल्यासारखं पुढे चला." हे मला फार आवडलं होतं.

एके दिवशी त्यांनी घरी सोडवायला उदाहरण दिलं. आई छत्तीस वर्षांची, मुलगी बारा वर्षांची. किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या दुप्पट होईल?

घरी आले तर थोरली जाऊ पडवीत मोड आलेले वाल सोलत बसली होती. मीही शेजारी बसले, पण डोक्यात ती आई आणि तिची मुलगी. शेवटी राहवेना. खडू आणला आणि पडवीच्या लादीवरच मांडायला घेतलं.

क्ष वर्षांनी आई छत्तीस अधिक क्ष. मुलगी बारा अधिक क्ष. तिची दुप्पट म्हणून लिहिलं, चोवीस अधिक क्ष. मध्ये बरोबरचं चिन्ह दिलं. दोन्हीकडचा क्ष गेला आणि खाली उरलं, छत्तीस बरोबर चोवीस.

जाऊ सातवीपर्यंत शिकलेली. तिनं वाकून पाहिलं. "हे कसं गं? छत्तीस नि चोवीस सारखे?"

"तेच ना, ताई. कुठंतरी चुकलंय."

"का ती आई कदीच दुप्पट व्हायची नाय?"

मला हसू आलं, पण उदाहरण अर्धवट टाकवेना. पहिल्या ओळीपासून एकेक पायरी तिला मोठ्यानं सांगत गेले. दुप्पट या शब्दाशी आले आणि जीभ अडखळली. मुलगी क्ष वर्षांनी मोठी होणार, मग ती वर्षंही दुप्पट धरायला हवीत. मी फक्त बाराची दुप्पट केली होती. पदरानं ओळ पुसली आणि लिहिलं, चोवीस अधिक दोन क्ष.

आता दोन्हीकडून एकेक क्ष काढला. छत्तीस बरोबर चोवीस अधिक क्ष. चोवीस वजा केले. क्ष बरोबर बारा. ताळा पाहिला. बारा वर्षांनी आई अठ्ठेचाळीस, मुलगी चोवीस. माझ्या अंगावर काटा आला. हे कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः काढलं होतं.

"आता माजं काढ," जाऊ म्हणाली. "मी एकेचाळीस, पोरगा बावीस."

लगेच मांडलं. एकेचाळीस अधिक क्ष बरोबर चव्वेचाळीस अधिक दोन क्ष. या वेळी उत्तर आलं उणे तीन. मी हिरमुसले. पुन्हा सगळं तपासलं, दुप्पट नीट होती, वजाबाकी नीट होती. तरी उणे तीनच.

"उणे तीन वर्षांनी मंजे काय?" जावेनं विचारलं.

तिच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "ताई, पुढं नाय, मागं. तीन वर्षांपूर्वी तुमचं वय त्याच्या दुप्पट होतं."

ती बोटांवर मोजू लागली. "मी अडतीस, तो एकोणीस." मग थांबली. "हां गं. तवाच तो माथेरानला हॉटेलात लागला. मी त्याची बॅग भरून दिली व्हती."

मग आम्हाला थांबवेना. घरातल्या प्रत्येकाचं वय लादीवर आलं. सासूबाई पडवीत आल्या आणि वाल अर्धेच सोललेले पाहून म्हणाल्या, "आज जेवायला खडू हाय का?"

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्यासोबत विहारात आली. बाईंनी मला फळ्याशी बोलावलं. बाईंचं उदाहरण झाल्यावर मी न विचारताच आमचंही लिहिलं. उणे तीन पाहून बाई खुर्चीतच पुढे झुकल्या.

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून जाऊ म्हणाली, "पुस्तकातलं नाय, बाई. ते माजं वय हाय."

बाई खुर्चीतून उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं. त्या मार्चच्या परीक्षेत मी गणितात पास झाले. पुढच्या वर्षी जाऊ परीक्षेला बसली.