टाकीतलं जाड तेल

कापाम्ब्वे बाबांनी लोखंड कापायच्या मिलिंग मशिनचा तेलाचा पंप सोडवून बाकावर ठेवला, तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते. पण कंबर मात्र दिवसभर राबल्यासारखी धरली होती. एकतीस वर्षं ते न्दोला शहरात मशिनी दुरुस्त करत होते. आधी खाणीच्या वर्कशॉपमध्ये, आणि तिथून कमी केल्यावर या लहानशा कारखान्यात. इथे मक्याच्या गिरण्यांचे शाफ्ट आणि गिअर बनत.

मशिनचं टेबल महिनाभर अडखळत सरकत होतं. ज्या पट्ट्यांवर ते सरकतं, त्यांच्यावर ओरखडे उठले होते. रोज सकाळी पंपाच्या टाकीतलं तेल बघायचं काम मशिन चालवणाऱ्या ईनेसचं. तिने हलगर्जी केली, असं फोरमन मुसोंडाने सगळ्यांदेखत ठरवलं आणि तिला कोपऱ्यात कानशीने लोखंड घासायला बसवलं. टाकी भरलेलीच असायची, असं ती दोनदा म्हणाली. कोणी ऐकलं नाही. बाबांनाही ते खरं वाटलं नव्हतं.

नवा पंप परदेशातून यायला दोन महिने लागणार होते, म्हणून मुसोंडाने जुनाच कसाबसा चालता करायला सांगितलं होतं.

बाबांनी पंपाच्या टाकीचं झाकण काढलं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. ती कलंडवली तर जून महिन्याच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या, थंडीत तेल मधासारखं ओघळलं. तळाची जाळी काळ्या गाळाने बुजली होती. तेल ढकलणाऱ्या दट्ट्याचा वॉशर ओढून ओढून फाटला होता. त्यांनी तेल बोटांत चोळलं, हुंगलं. वास गिअरबॉक्सच्या तेलाचा होता.

मग त्यांना आठवलं. मागच्या पावसाळ्यात पट्ट्यांचं पातळ तेल संपलं होतं. चार दिवस भागेल म्हणून त्यांनीच गिअरबॉक्सच्या पिंपातलं ओतलं होतं. नंतर ते काढायचं राहून गेलं, आणि ईनेस बिचारी त्याच्यावरच चांगलं तेल भरत राहिली.

ते स्टुलावर बसून राहिले. रॉकेलने सगळं धुऊन टाकलं तर कोणाला पत्ताही लागणार नव्हता. त्या दिवशी त्यांनी धुतलंही, आणि कोणाला काही सांगितलं नाही. मासाला नावाच्या वस्तीतल्या बाजारातल्या चांभाराकडून जाड चामडं आणलं, वॉशर कापला, तेलात भिजत घातला. दुसऱ्या दिवशी मशिनखाली उताणं पडून एकेक बारीक नळी सोडवली, तारेने आणि हवेने मोकळी केली. मध्येच तीन तास वीज गेली. उठून पुन्हा आडवं व्हायचा कंटाळा, म्हणून ते तिथेच पडून राहिले.

दुपारी ईनेस हातावरचा लोखंडाचा चुरा झटकत त्यांच्याजवळ येऊन बसली. तिने डब्यातली न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकटीचा रस्सा अर्धा त्यांच्यापुढे सरकवला.

"बाबा, टाकीत तेल होतं ना?"

"होतं." घास त्यांच्या हातातच राहिला. "होतं, पण भलतंच. जाड. ते मीच ओतलं होतं."

तिने हाताला चिकटलेला चुरा पुसला. मग म्हणाली, "तीन आठवडे मी कानस चालवतेय."

"हो."

"घरी सासूसुद्धा विचारते, असं काय केलंस म्हणून."

बाबा उठले. त्यांनी हात धुतले आणि जेवण तसंच टाकून मुसोंडाच्या खोलीत जाऊन तेलाचं सगळं सांगितलं. मुसोंडाही दमलेलाच होता. झालं गेलं सोडून द्या, मशिन चालू करा, एवढंच त्याचं म्हणणं पडलं. पण बाबा दारातून हलले नाहीत. तिच्यावर आळ सगळ्यांदेखत घेतला होता, तर तो मागेही सगळ्यांदेखतच घ्यायचा, असं त्यांनी सांगितलं. शेवटी मुसोंडा बाहेर आला आणि चूक ईनेसची नव्हती, एवढंच पुटपुटला. कोणाची होती ते बाबांनी स्वतः सांगितलं. सगळे आपापल्या कामाला वळले.

संध्याकाळी पंप बसला. पट्ट्यांवर तेलाची पातळ ओल धरली आणि टेबल सुरळीत सरकू लागलं. ओरखडे मात्र राहिलेच. त्यांमुळे माप थोडं चुकणारच, म्हणून आता प्रत्येक काम ईनेसला दोनदा मोजून घ्यावं लागणार होतं. ती मशिनपाशी उभी राहिली, हँडल फिरवून पाहिलं आणि बाबांकडे न बघताच म्हणाली, "बरं चाललंय."

बाबांनी पाने-हत्यारं गोळा केली. वाकून पेटी उचलायची ताकद नव्हती. त्यांनी ती पायानेच भिंतीकडे सरकवली आणि ते घरी निघाले.